काचेतले उद्धवराव

चिखलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी कादर मुलाणीचा फोटो स्टुडिओ आहे. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर त्याने जाड मार्करने लिहून चिकटवलेला एक कागद दिसतो : 'फोटोतून काहीही काढण्याआधी विचारले जाईल.' नवीन गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ लागत नाही. पासपोर्ट फोटोला आलेल्या एका पोराने मला हसत विचारलं, "काका, मग चष्मा काढायचा की नाही?" मी त्याला गप्प बसवलं. त्या कागदामागे एक गोष्ट आहे आणि ती चेष्टेवारी न्यावी अशी नाही.

मी साहेबराव. एकतीस वर्षं चाकणला एका गिअरच्या कारखान्यात तपासणीला होतो. माल हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि खोट दिसली की बाजूच्या लाल क्रेटमध्ये टाकायचा. नोकरी संपली, पण खोड काही गेली नाही. घरी मी पोळ्यांचे काठ तपासायला लागलो तेव्हा बायकोने हात जोडले. तेव्हापासून रोज दहा ते बारा मी कादरभाईच्या दुकानात स्टुलावर बसून असतो आणि त्याच्या प्रत्येक फोटोला 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणतो. तो ऐकतो आणि स्वतःला हवं तेच करतो. आमची मैत्री अशी आहे.

कादरभाई मूळचा बार्शीचा. चौदाव्या वर्षी तिथल्या एका स्टुडिओत लागला. तेव्हा फोटो धुण्याआधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण आणि मुरुमांचे खड्डे भरत असत. उस्तादांनी त्याच्याकडून तेच काम सहा वर्षं करून घेतलं. "माणूस फोटोतून स्वतःपेक्षा थोडा बरा बाहेर पडला पाहिजे," असं ते म्हणायचे, आणि कादरभाईने ते गाठीला बांधून ठेवलं. चिखलीत तो आला तेव्हा इथे ऊस होता आणि भंगाराची दुकानं होती. गेल्या तीस वर्षांत त्याने इथल्या सगळ्यांना थोडं थोडं बरं केलंय. माझ्या मुलीच्या लग्नात माझे कानावरचे केस त्याने न सांगता काढून टाकले होते. मला राग आला होता, पण फोटो पास होता.

आताचं त्याचं मोठं काम म्हणजे काचेचं. इथे निम्मी वस्ती लातूर, धाराशिव, बीडकडून कंपन्यांसाठी आलेली. फ्लॅट झाला की हॉलमध्ये आईवडिलांचा फोटो हवा असतो. मूळ फोटो गावाकडच्या भिंतीवर. गेलेल्या माणसाचा फोटो एकदा भिंतीवर चढला की तो खाली उतरवायला कोणी तयार होत नाही. कोणी म्हणतं बरं नसतं, कोणी म्हणतं खिळ्याबरोबर पोपडा येईल. मग फ्रेम आहे तिथेच ठेवून काचेवरून मोबाइलने फोटो काढतात, आणि व्हॉट्सअॅपवर कादरभाईला पाठवतात. त्यात आजोबांच्या कपाळावर खिडकी उमटलेली असते, आजीच्या पदरात ट्यूबलाइट आणि मधोमध पिवळा टीशर्ट घालून मोबाइल धरलेला नातू. ही काचेतली सावली काढायला कादरभाईला पूर्वी अर्धा दिवस लागायचा.

त्याची मुलगी शिफा तळवड्याला आयटीत आहे. तिने गेल्या वर्षी त्याच्या कॉम्प्युटरवर एआयचं एक साधन बसवून दिलं. बटण दाबलं की ते काचेतलं सगळं ओळखतं आणि तीन सेकंदांत पुसून टाकतं. पहिले दोन दिवस कादरभाई फुगून बसला होता. "मी सहा वर्षं पेन्सिल घासली ती कशाला?" तिसऱ्या दिवशी त्याने एका बाईच्या सासूच्या तोंडावरून आख्खी खिडकी गजांसकट घालवली आणि लहान मुलासारखा टाळ्या वाजवायला लागला. त्यानंतर सकाळी आलेले फोटो तो एका रांगेत लावायचा, बटण दाबायचा आणि चहा सांगायला जायचा. परत येईपर्यंत सगळ्या काचा स्वच्छ.

तो मंगळवार होता. रांगेत अकरा फोटो होते. त्यातला एक एका म्हाताऱ्याचा, जुना कृष्णधवल, पांढरा फेटा आणि वर काळा कोट. कोट अंगाला मोठा होता, म्हणजे स्टुडिओतला. तेव्हा गावोगावचे फोटोवाले गिऱ्हाइकाला घालायला एक कोट ठेवायचेच. फोटोसोबत मजकूर एवढाच : 'नमस्कार. उद्या येते.' काचेत खिडकी आणि कोणीतरी दिसत होतं. बटण दाबलं, गेलं. कोट असा काळाभोर झाला की मीसुद्धा खूश झालो. "पास," मी म्हटलं. कादरभाईने मोठी प्रिंट काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. कुसुमताई. दोन गल्ल्या सोडून राहतात, मूळच्या कळंबकडच्या. कादरभाईने मोठ्या झोकात प्रिंट त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती पाहिली. मग उलटी करून मागे पाहिलं, जसं काही मागे पडलं असेल. पुन्हा सुलटी केली.

"हे कुठं गेले?" त्या म्हणाल्या.

"कोण, ताई?"

"आमचे हे."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि तोच फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला. म्हाताऱ्याच्या काळ्या कोटावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या गुंडीच्या मध्ये, एका माणसाचा चेहरा होता. हातातल्या मोबाइलकडे खाली बघणारा, फिकट, शेजारच्या खिडकीच्या उजेडाने अर्धा उजळलेला. कोंडाजी, म्हणजे कोटातले ते म्हातारे, कुसुमताईंचे सासरे. दोन दिवाळ्यांपूर्वी गावी गेल्यावर त्यांच्या मुलाने, उद्धवरावांनी, भिंतीवरच्या फ्रेमचा हा फोटो काढला होता. आणि काढता काढता स्वतःच बापाच्या छातीवर उमटले होते.

"गेल्या साली कार्तिकात गेले," कुसुमताई म्हणाल्या. "ड्यूटीवरनं आले, पाणी मागितलं, आन् संपलं. पुढच्या आयतवारी वर्षश्राद्ध हाय. म्हनलं, ह्यातनं ह्यांचा चेहरा तेवढा मोठा करून मिळंल का. ते समक्ष सांगायलाच आले होते."

कादरभाई माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे. एकतीस वर्षं लोकांच्या चुका पकडणारा मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो आणि मला त्या काचेत फक्त घाण दिसली होती. माणूस दिसला नव्हता.

"ताई, मूळ फोटो आहे, काही बिघडलं नाही," कादरभाई घाईने म्हणाला. "पण हा फार पुसट आहे. दुसरा एखादा द्या की. लग्नातला, नाहीतर आधारचा..."

"ते फोटोच काढू देत नव्हते. लग्नातलेबी गावाकडं पुरात गेले. आधारवर तर काळं भांडं दिसतंय." त्यांनी पिशवीत हात घातला. "एक हाय. पण तो न्हाई चालायचा."

पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कंपनीचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यावर चाळिशीचा एक देखणा माणूस होता, गुळगुळीत गालांचा. सोबत एक लहानसं पाकीट होतं, उरलेल्या दोन कॉप्यांचं. पाकिटावर छापलं होतं : मुलाणी फोटो, चिखली.

"हा मीच काढला की!" कादरभाई म्हणाला.

"व्हय. तुमीच."

मग त्यांनी सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

उद्धवराव चोवीस वर्षांचे असताना भोसरीकडे एका फाउंड्रीत कामाला होते. तिथे साच्यात ओतताना लोखंडाचा रस उडाला. डावा गाल कानापासून ओठापर्यंत भाजला. जखम भरली, पण कातडी गोळा होऊन राहिली. लहान पोरं बिचकायची. बसमध्ये ते कायम डावीकडची खिडकी धरायचे, म्हणजे तो गाल बाहेर राहायचा. पंधरा वर्षांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत त्यांचं पक्कं काम झालं. कार्डासाठी चार फोटो हवे होते, म्हणून ते कादरभाईकडे आले. आणि कादरभाईने उस्तादांची शिकवण पाळली. न विचारता, चांगल्या मनाने, सगळा गाल साफ करून दिला.

"पाकीट त्येंनी तिथं उघडूनच बघितलं न्हाई. तसंच कंपनीत दिलं," कुसुमताई म्हणाल्या. "पैल्या दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. म्हनला, हे कार्ड तुझं न्हाई. कार्ड बघतोय, तोंड बघतोय. फस्ट शिफ्ट सगळी आत जाईस्तोर ह्यांना बाजूला हुबं केलं. येनारा जानारा कार्ड हातात घिऊन बघायचा. कुनीतरी म्हनलं, हिरो फोटो काढून आलाय. तवापास्नं कंपनीत हिरोच म्हनायचे. चौदा वर्सं. परत कवा फोटोला हुबे राह्यले न्हाईत. स्वप्नालीच्या लग्नात सगळ्यांचे फोटो ह्यांनी मोबाइलवर काढले, आन् सोता कुठंच न्हाईत."



"ताई, ते परत भांडायला का आले नाहीत?" कादरभाईने विचारलं.

"मी म्हनलं होतं, जावा आन् बोला त्येला. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, त्या मानसानं चांगलंच करायला बघितलं."

चहा आला होता, तो कादरभाईने घेतला नाही. ओळखपत्र तिथेच ठेवून त्या गेल्यावर तो बराच वेळ ते हातात घेऊन बसला. त्याला तो माणूस आठवतच नव्हता. रोज वीस चेहरे यायचे, कसा आठवणार? मी तसं म्हटलंही. "साहेबराव," तो म्हणाला, "मी ह्या माणसाला दोनदा पुसलं. एकदा हाताने आणि एकदा बटणाने. दोन्ही वेळा मला वाटलं, छान झालं."

गुरुवारी मी गेलो तर दुकानात जुन्या हार्डडिस्क पसरलेल्या. कादरभाईच्या डोक्यात एक गोष्ट आली होती. पंधरा वर्षांपूर्वी त्याने फोटो काढला तेव्हा कॅमेऱ्यातून आलेलं चित्र तर खरंच असणार, गालासकट. ते कुठेतरी असेल. ओळखपत्रावरच्या तारखेवरून आम्ही दोघांनी दुपारपर्यंत पंधरा वर्षांपूर्वीचा तो सगळा महिना उलटापालटा केला. बारशी, पासपोर्ट, एका बैलाचा सत्कार. पावणेतीनला फाइल सापडली. नावासकट, 'उद्धव चार कॉपी'. मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

उघडली. गुळगुळीत गाल.

"वरच सेव्ह केलंय," कादरभाई म्हणाला. "जागा वाचायची म्हणून तेव्हा त्याच फाइलवर सेव्ह करायचो. मूळ फोटो वेगळा ठेवायचोच नाही." त्याने चष्मा काढला आणि तळहातांनी डोळे दाबून बसला. साठीला आलेला माणूस माझ्यासमोर रडत होता आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तसं मी कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला नाही.

शनिवारी शिफाला सुट्टी होती, ती दुकानात आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसली.

"अब्बा, तुम्ही ही पट्टी कधी डावीकडे नेली का?"

त्या साधनात एक सरकती पट्टी आहे. उजवीकडे नेली की काचेतली सावली जाते. कादरभाई कायम ती उजव्या टोकाला नेत असे. शिफाने ती हळूहळू डावीकडे ओढली. आधी पुसट उद्धवराव परत आले. मग आणखी डावीकडे नेल्यावर कोंडाजी विरायला लागले, फेटा गेला, कोट गेला, आणि शेवटी फोटोत फक्त काचेतलंच उरलं. एक खिडकी, तिच्याशेजारी उभा एक माणूस, हातात मोबाइल, आणि गालावर खिडकीचा उजेड. मशीन जे पुसत होतं ते फेकून देत नव्हतं. ते वेगळं काढून ठेवत होतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.

"या अल्ला," कादरभाई एवढंच म्हणाला.

चेहरा होता, पण धुक्यातून पाहिल्यासारखा. शिफाने 'चेहरा स्पष्ट करा' असं दुसरं बटण दाबलं. क्षणात डोळे आले, भुवया आल्या, चकचकीत नवा गाल आला. कोणीतरी तिशीचा माणूस आमच्याकडे बघत होता.

"हा कोण?" मी विचारलं.

"मशीनने भरलंय, काका. जिथं दिसत नाही तिथं ते अंदाजाने भरतं. लाखो चेहरे बघितलेत त्याने, त्यातला मधला काढतं."

"काढून टाक," कादरभाई म्हणाला. "पुन्हा तेच करतंय ते. मी केलं तेच." त्याने माउस स्वतःकडे घेतला. "आता मी हाताने करतो."

सोमवारी कुसुमताई मुलीला घेऊन आल्या. स्वप्नाली मोशीला दिलेली आहे, मोठी चुणचुणीत पोरगी. पडद्यावर वडिलांना बघून तिने तोंडावर पदर धरला. कादरभाईने दोन दिवसांत चेहऱ्यावरचं धुकं बरंच उतरवलं होतं. डोळे खाली, पण ओळखू येत होते. गालावर मात्र नुसताच एक काळपट ढग होता.

"काका, गाल तसाच साफ करा ना," स्वप्नाली म्हणाली. "बाबा आयुष्यभर तोंड लपवत फिरले. आता सगळे पाहुणे येणार, सासरचे येणार. आता तरी त्यांना नीट दिसू दे. त्यांना आवडलं असतं."

मला तिचं पटलं, खोटं कशाला बोलू. कादरभाई तिला म्हणाला, "पोरी, मी असाच विचार केला होता गं. तुझ्या बाबांना गेटवर उभं केलं त्या विचाराने."

स्वप्नाली रडायला लागली. कुसुमताईंनी तिला जवळ घेतलं, पण नजर पडद्यावरच होती. "गाल पायजे," त्या म्हणाल्या. "त्याबिगर मला वळख पटत न्हाई."

"ताई, मग मला सांगा," कादरभाई म्हणाला. "खूण आहे, आकार नाही. मी अंदाजाने काढणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

आणि मग एक तास मी जे पाहिलं ते कुठल्याही कारखान्यात पाहिलं नव्हतं. कुसुमताई खुर्चीत बसल्या. सांगायला लागल्या तर शब्द सापडेनात. मग त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या गालावर अंगठा ठेवला. "हितं कानाच्या पाळीला कातडी वढल्यावानी होती. हितनं खाली दोन वळ्या. एक जाड, एक बारीक. बारकी हितं, वठापाशी येऊन संपायची. ह्या जागी पैशाएवढं गुळगुळीत, तिथं दाढी यायची न्हाई." अंगठा सरकत होता आणि कादरभाई एकदा त्यांच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत माउसने एकेक वळी काढत होता. पंचेचाळीस वर्षं चेहऱ्यावरचे व्रण भरत आलेला माणूस पहिल्यांदा व्रण घालत होता. आणि नवल म्हणजे त्या काळपट ढगात वळ्या बरोबर बसत होत्या. खाली त्या होत्याच.

"तुम्हाला इतकं कसं पाठ?" मी न राहवून विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "थंडी पडली की ती कातडी आवळायची, दुखायची. तोंड उघडंना व्हायचं. मग रोज ड्यूटीला जायच्या आधी मी खोबऱ्याचं तेल लावायचे. थंडीत तेल गोठतंय, ते तळहातावर चोळून पातळ करायचं आन् अंगठ्यानं हळूहळू जिरवायचं. एकतीस वर्सं लावलं. दुनियेला त्येंनी उजवा गाल दाखवला भाऊ. डावा माझ्याकडं होता."

एकतीस वर्षं मीही अंगठा फिरवला होता, गिअरच्या दात्यांवरून, खोट शोधत. मी मान खाली घातली.

काम झालं तेव्हा कादरभाईने पडदा त्यांच्याकडे वळवला. कुसुमताईंनी डोळे उघडून पाहिलं. पाहिलं आणि कपाळाला आठी पडली. त्या पुढे वाकल्या, मागे झाल्या.

"हे न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या.

कादरभाईचा चेहरा पडला. "ताई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच..."

"समदं तसंच हाय. पन हे न्हाईत. कायतरी चुकलंय."

स्वप्नालीलाही तसंच वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. मी चष्मा पुसून पडद्याजवळ गेलो आणि माल तपासतात तसा तो चेहरा वरून खाली तपासला. मग कुसुमताईंकडे पाहिलं. त्यांचा अंगठा अजून स्वतःच्या डाव्या गालावर होता.

"कादरभाई, अरे हा काचेतला फोटो आहे," मी ओरडलोच. "आरशात उलटं दिसतं! त्यांचा डावा गाल ह्यात उजवा झालाय!"

कादरभाईने एक कळ दाबली. चित्र उलटलं. खिडकी इकडची तिकडे गेली, आणि तो गाल आपल्या जागी आला.

कुसुमताई उठल्या, पदर डोक्यावरून सारखा केला, जसं कोणी दारातून आत आल्यावर करतात. "आले," त्या म्हणाल्या. आणि खाली बसून मनसोक्त रडल्या. स्वप्नाली पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा," आणि नंतर कादरभाईला म्हणाली, "काका, असेच राहू दे."

त्याच दिवशी त्या गेल्यावर कादरभाईने मार्कर घेऊन तो कागद लिहिला आणि भिंतीला चिकटवला.

रविवारी आम्ही दोघं फ्रेम घेऊन त्यांच्या घरी गेलो. मी वाटेत कागद सोडून पाहिलं आणि जागीच थांबलो. "अरे, काच राहिली!"

"राहिली नाही. लावलीच नाही."

"धूळ बसेल. ओल लागेल. दोन वर्षांत पिवळा पडेल. रिजेक्ट!"

"मी दुसरा काढून देईन," कादरभाई म्हणाला. "आयुष्यभर काढून देईन. पण ह्यांच्यावर मी आता काच घालणार नाही."

घर पाहुण्यांनी भरलं होतं. हॉलच्या भिंतीवर वर्षभर मोकळा राहिलेला खिळा होता, त्यावर फोटो चढला. शेजारी कोंडाजींचा, काळ्या कोटातला. कंपनीतले चौघे आले होते. त्यांतला एक जाडजूड गृहस्थ फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग चपला नसलेल्या पायांकडे बघत म्हणाला, "आम्ही ह्यांना हिरो म्हणायचो, वहिनी. चुकलं आमचं." कुसुमताई म्हणाल्या, "बसा, जेवून जावा."

पूजा झाली, हार घातला. कुसुमताईंनी गंध लावायला बोट पुढे केलं तशी स्वप्नाली घाईने म्हणाली, "आई, काच नाही, कागदाला लागेल." त्यांनी अलगद टेकवल्यासारखं गंध लावलं. मग सगळ्यांना वाटलं झालं, आणि पंगतीची गडबड सुरू झाली.

पण त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात तेलाची बाटली घेऊन परत आल्या. पहाटेपासून गार वारं सुटलं होतं, तेल बाटलीत पांढरं झालं होतं. त्यांनी बोटभर तेल काढून तळहातावर घेतलं आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळायला लागल्या. कादरभाईने माझं मनगट धरलं. त्यांनी अंगठा उद्धवरावांच्या डाव्या गालावर ठेवला, कानाच्या पाळीपाशी, आणि हळूहळू ओठाकडे आणला. मध्ये काहीच नव्हतं.

"आई, फोटो खराब होईल!" स्वप्नाली म्हणाली.

"होऊ दे," कुसुमताई म्हणाल्या. "थंडी सुरू झाली."